म्यानमारच्या लोकांना महाराष्ट्रातून साथ द्यायची तर नेमकं काय करायचं

बऱ्याच जणांना मनापासून वाटतं की म्यानमारच्या लोकांसाठी काहीतरी करायला हवं, पण इथे पुण्यात, नाशकात, नागपुरात बसून करणार काय, म्हणून मग एखादा फोटो शेअर होतो, दोन दिवस स्टेटस राहतं आणि विषय तिथेच संपतो. पण इथून करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काही तर फक्त आपणच करू शकतो, कारण तिथल्या लष्कराला जाणारं काही सामान भारतातून जातं, आणि त्याबद्दल सरकारला, कंपनीला, खासदाराला प्रश्न विचारायचा हक्क आपल्याकडे आहे. रंगूनमधल्या माणसाला तो नाहीये. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी त्यांनी काय केलं ते नीट समजून घ्या

हे टाळून डायरेक्ट पोस्टर रंगवायला बसू नका. 1 फेब्रुवारी 2021 ला पहाटे जनरल मिन आंग लाइंगच्या लष्करानं सत्ता ताब्यात घेतली, नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांचा एनएलडी पक्ष प्रचंड फरकानं जिंकला होता आणि नवीन संसद त्याच दिवशी बसणार होती. दुसऱ्या दिवशी रात्री रंगूनमध्ये लोकांनी खिडकीत, गॅलरीत उभं राहून भांडी वाजवायला सुरुवात केली, घरातली भुतं-पिशाच्चं हाकलायला भांडी बडवायची तिकडची जुनी रीत आहे. ती रोज रात्री आठला व्हायला लागली.

3 फेब्रुवारीपासून सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टर-नर्सनी काम बंद केलं, छातीवर लाल रिबीन लावली, मग शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले, मंत्रालयातले क्लार्क असे लाखो सरकारी नोकर घरी बसले. याला तिकडे सीडीएम म्हणतात, म्हणजे आपल्या ओळखीचा सविनय कायदेभंगच. लष्कराकडे बंदुका आहेत पण रेल्वे चालवायला, पगारबिलं काढायला, बँका उघडायला माणसं लागतात आणि ती माणसंच नाही म्हणाली. याची किंमत पण त्यांनी मोजली, 10 मार्चला रंगूनच्या मा ह्ल्वा गोन भागातल्या रेल्वे क्वार्टर्सवर धाड घालून संपावरच्या कर्मचाऱ्यांना बायकापोरांसकट बाहेर काढलं. लोकांनी लाइटबिलं भरायची बंद केली, सरकारी लॉटरी घेणं बंद केलं, लष्कराच्या कंपन्यांची बिअर, सिगरेट, सिमकार्ड सोडली.

सायलेंट स्ट्राइक ही तर शांततेच्या आंदोलनातली मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. 24 मार्च 2021, मग त्याच वर्षी 10 डिसेंबर, मग 1 फेब्रुवारी 2022, त्या दिवशी कोणी घराबाहेरच पडलं नाही, दुकानं बंद, रस्ते रिकामे, गोळी झाडायला समोर माणूसच नाही. 2022 च्या वेळी तर दुकान बंद ठेवाल तर कडक कलमं लावू अशी धमकी आधीच दिलेली होती, दुकान बंद ठेवणार असं नुसतं फेसबुकवर लिहिलं म्हणून लोकांना उचललं होतं, तरी शहरं ओस पडली आणि दुपारी चारला घराघरातून टाळ्या वाजल्या. हे लोक निव्वळ बळी नाहीयेत, त्यांनी विचार करून, एकमेकांना धरून लढा उभा केलाय, आणि तुमच्या प्रत्येक पत्रात, पोस्टमध्ये हे दिसलं पाहिजे.

आता एक गोष्ट लपवायची नाही. 27 मार्च 2021 ला, म्हणजे लष्कराच्या आर्म्ड फोर्सेस डेलाच, एका दिवसात शंभरावर माणसं मारली गेली, आणि त्यानंतर बऱ्याच तरुणांनी शस्त्र उचललं. तुम्ही शांततेच्या मार्गाच्या बाजूनं उभे राहताय तर ते स्पष्ट म्हणा, पण इथे सुरक्षित बसून त्या पोरांना उपदेश करू नका.

फोटो-व्हिडिओ शेअर करण्याआधी

हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण चांगल्या हेतूनं केलेल्या पोस्टमुळे तिकडे माणूस आत जाऊ शकतो. सत्ता घेतल्यावर लष्करानं दंडविधानात 505 अ हे कलम घातलं, सरकारविरुद्ध लिहिलं-बोललं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे चेहरा दिसत असलेला ताजा फोटो कोणी पर्सनली पाठवला तर तो तसाच पुढे ढकलायचा नाही. चेहरे झाका, पण नुसतं धूसर करू नका, वरून ठोस काळा किंवा रंगीत ठिपका टाका, गणवेशावरचे बिल्ले, घराचा नंबर, दुकानाची पाटी, मागचा ओळखू येणारा चौक पण झाका, मग त्या झाकलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो स्क्रीनशॉट टाका म्हणजे मूळ फाइलमधलं लोकेशन सोबत जात नाही. पाठवणाऱ्याला टॅग करायचं नाही, आभार मानायला पण नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ म्यानमारचाच आहे का, कधीचा आहे, हे बघा. फोटो असेल तर गुगल लेन्सवर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. एक चुकीचा व्हिडिओ सापडला की समोरचा माणूस तुमचं बाकीचं खरं पण उडवून लावतो.

आकडा द्यायचा असेल तर एएपीपीचा द्या, ही माजी राजकीय कैद्यांनीच 2000 साली उभी केलेली संस्था आहे, त्यांच्या नोंदीप्रमाणे सत्तापालटानंतर सहा हजारांहून जास्त माणसं मारली गेलीत. ते एकेक नाव तपासून यादीत घालतात.

पैसा आणि शस्त्रं, दाब इथेच द्यायचा

आंतरराष्ट्रीय दबाव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर युनोतली भाषणं येतात. भाषणांनाही अर्थ आहे, 26 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारचे युनोतले राजदूत चॉ मो टुन यांनी आपल्याच देशाच्या लष्कराविरुद्ध बोलून भर सभेत तीन बोटं वर केली, ही तिथल्या आंदोलनाची खूण आहे, तेव्हा जगभरातल्या बर्मी लोकांना केवढा धीर आला. पण लष्कराला खरं दुखतं ते डॉलर आणि सुटे भाग थांबले की.

जपानच्या किरीन कंपनीनं सत्तापालटानंतर चारच दिवसांत जाहीर केलं की लष्कराच्या एमईएचएल कंपनीसोबतची बिअरची भागीदारी संपवणार. टोटल आणि शेव्हरॉन जानेवारी 2022 ला म्यानमारच्या यादाना गॅस प्रकल्पातून बाहेर पडतो म्हणाल्या. 2023 मध्ये युनोचे म्यानमारसाठीचे स्पेशल रॅपोर्टर, म्हणजे तिथल्या मानवी हक्कांवर अहवाल देणारे तज्ज्ञ, टॉम अँड्र्यूज यांनी कुठल्या देशातून किती शस्त्रं आणि सामान गेलं याचा हिशोब मांडला, त्यात सिंगापूरचं नाव आलं, तिथल्या सरकारनं चौकशी लावली आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात दिसलं की तिथून जाणारं सामान 11 कोटी डॉलरवरून 1 कोटीच्या आसपास आलं. काही खरेदी मग थायलंडच्या बँकांमार्फत व्हायला लागली हे पण खरं, म्हणजे एक दार बंद केलं की ते दुसरं शोधतात आणि आपल्याला त्या दुसऱ्या दारापाशी जाऊन उभं राहावं लागतं.

त्याच 2023 च्या अहवालात भारतातून गेलेल्या सामानाचा आकडा 5 कोटी 10 लाख डॉलर आहे. रशिया-चीनच्या मानानं थोडा, पण तो आपला आहे. त्यात सरकारी कंपन्यांची नावं आहेत, भारत इलेक्ट्रॉनिक्स आहे जिचं एक युनिट पुण्यात आहे, आणि यंत्र इंडिया आहे जिचं मुख्य ऑफिस नागपुरात आहे. त्यामुळे महाराष्ट्राचा काय संबंध असं कोणी विचारलं तर हे सांगा.

मग करायचं काय? आधी वाणिज्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर आयात-निर्यातीचा डेटा सगळ्यांना खुला आहे तो उघडा, देश म्यानमार निवडा, चॅप्टर 93 म्हणजे शस्त्रं-दारूगोळा आणि कोड 8526 म्हणजे रडारचं सामान, हे दोन्ही वर्षवार बघा. सगळं त्यात उघड दिसेलच असं नाही, कारण बरेच सुटे भाग दुसऱ्या कोडखाली जातात, पण सुरुवात इथून होते. मग केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर आरटीआय टाका, फी 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. प्रश्न छोटे आणि सरळ ठेवा. "1 फेब्रुवारी 2021 नंतर म्यानमारला निर्यातीसाठी किती परवाने दिले, वर्षवार संख्या द्या" असं विचारा, "तुम्ही लोकशाहीच्या शत्रूंना का मदत करता" असं नाही, कारण आरटीआयमध्ये फक्त रेकॉर्डवर असलेली माहिती मिळते. बहुतेक कलम 8(1)(अ) दाखवून, म्हणजे सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन नाकारतील. तो नकार पण जपून ठेवा, 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करा, आणि नकाराची कॉपी खासदाराला लिहिलेल्या पत्राला जोडा.

भारत इलेक्ट्रॉनिक्स शेअर बाजारात लिस्टेड आहे. तुमच्याकडे किंवा तुमच्या बाबांकडे तिचा एक जरी शेअर असेल तरी वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो, सभेची नोटीस मेलवर येते त्यात बोलण्यासाठी नाव नोंदवायची शेवटची तारीख दिलेली असते, ती चुकवू नका. वेळ थोडाच मिळतो. युनोच्या अहवालाचा उल्लेख करायचा, म्यानमारच्या लष्कराला किंवा त्यांच्या दलालांना सध्या काय पुरवठा चालू आहे विचारायचं, आणि उत्तर सभेच्या वृत्तांतात नोंदवा म्हणायचं. ओरडायचं नाही. मराठी घरांमधून अशा सरकारी कंपन्यांचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या पडून असतात, त्याचा हा उपयोग करा.

खासदाराला पत्र

मेल करा पण प्रिंट काढून मतदारसंघातल्या ऑफिसमध्ये पण नेऊन द्या आणि पोच घ्या. एकट्याचं पत्र बाजूला पडतं, त्याच मतदारसंघातले वीस-पंचवीस मतदार वेगवेगळ्या शब्दांत लिहितात तेव्हा पीए फोन करतो. संसदेत प्रश्न टाकायला खासदाराला किमान 15 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच भेटा, अधिवेशन सुरू झाल्यावर नाही. मागणी एकच आणि मोजता येईल अशी ठेवा. साधारण असं:

"माननीय खासदार, मी आपल्या मतदारसंघातला मतदार आहे. 18 जून 2021 ला युनोच्या आमसभेत म्यानमारला शस्त्रपुरवठा थांबवण्याच्या ठरावावर 119 देश बाजूनं होते, भारत तटस्थ राहिला. त्यानंतर भारतातून म्यानमारच्या लष्कराला कोणकोणतं सामान गेलं आणि ते गावांवरच्या हल्ल्यांत वापरलं जाऊ नये म्हणून सरकारनं काय अटी घातल्या, हा प्रश्न आपण येत्या अधिवेशनात विचारावा ही विनंती."

बस एवढंच. भेटीत ते म्हणतील की ईशान्येतले अतिरेकी, चीन, म्यानमारमधून मिझोरामला जोडणारा भारताचा कलादान वाहतूक प्रकल्प, म्हणून सरकारला लष्कराशी बोलावंच लागतं. हा मुद्दा पोकळ नाहीये, त्याला हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे सांगा की बोलणं वेगळं आणि तोफेच्या नळ्या विकणं वेगळं. सांगा की 1946 मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत जगातला पहिला देश होता. 1988 ला, म्यानमारमधल्या लोकशाहीसाठीच्या 8 ऑगस्टच्या उठावानंतर पळून आलेल्या विद्यार्थ्यांना भारतानं थारा दिला आणि ऑल इंडिया रेडिओची बर्मी सेवा उघडपणे लोकांच्या बाजूनं बोलत होती. आपणच आधी घेतलेल्या भूमिकेकडे परत या एवढीच मागणी आहे.

ज्यानं लोकांचंच पोट मारलं जाईल ते करू नका

म्यानमारचं सगळंच बॉयकॉट करा असं कोणी म्हणालं तर थांबवा. आपल्या घरात येणारी तूर आणि उडीद यातला बराच माल म्यानमारहून येतो, 2021 मध्ये तर भारतानं पाच वर्षांसाठी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायचा करार केला होता. त्यातली तूर पिकवणारा बराचसा शेतकरी मध्य म्यानमारमधल्या सागाइंग-मॅग्वेच्या कोरडवाहू पट्ट्यातला आहे, म्हणजे त्याच भागातला जिथे लष्कर गावं जाळतंय. डाळ बंद केली तर पहिला तो मरणार. 2003 मध्ये अमेरिकेनं म्यानमारच्या सगळ्याच मालावर बंदी घातली तेव्हा कपडे शिवणाऱ्या हजारो मुलींच्या नोकऱ्या गेल्या आणि लष्कर गॅस विकून मजेत राहिलं.

सागवानाचं मात्र उलट आहे. तिथल्या सागवानाची विक्री म्यानमा टिंबर एंटरप्राइझ या सरकारी कंपनीच्या हातात आहे, म्हणजे आता लष्कराच्या, आणि अमेरिका-युरोपनं 2021 मध्येच तिच्यावर निर्बंध घातलेत. आपल्याकडे बंगल्याला, फ्लॅटच्या मेन डोअरला बर्मा टीकच हवं असा हट्ट असतो. सुताराला, कॉन्ट्रॅक्टरला विचारा की माल कुठला, कधी आलेला, बिल दाखवा. जुन्या वाड्याचं उतरवलेलं लाकूड असेल तर प्रश्न नाही, नव्यानं आलेलं असेल तर नको म्हणा आणि का नको ते पण सांगा. माणिक आणि जेडचं पण तसंच, सराफाला विचारायला लाजू नका.

विमानाचं इंधन हा आणखी एक मुद्दा. 11 एप्रिल 2023 ला सागाइंगमधल्या पाझीजी गावावर विमानातून बॉम्ब टाकले, दीडशेच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. विमानं इंधनाशिवाय उडत नाहीत म्हणून इंधन, त्याची जहाजं, त्या जहाजांचा विमा यावर बंदीची मागणी म्यानमारचे लोक स्वतःच करताहेत. शिपिंग किंवा मरीन इन्शुरन्समध्ये काम करणारं कोणी ओळखीचं असेल, मुंबईत असतंच, तर हा विषय त्यांच्याशी बोला.

पैसे द्यायचे असतील तर

तिकडे थेट पैसे पाठवायच्या भानगडीत पडू नका, ओळखीच्या कोणाकोणाच्या वॉलेटवर तर नाहीच, घेणाऱ्यालाही धोका आणि तुम्हालाही कायद्याचा त्रास. मिझोराम आपल्याच देशात आहे. म्यानमारच्या चिन राज्यातून सरहद्दीवरची तिआऊ नदी ओलांडून तीस हजारांवर लोक तिथे आले, केंद्रानं अडवायला सांगितलेलं असताना मिझोरामच्या सरकारनं आणि लोकांनी त्यांना आत घेतलं, चर्च आणि यंग मिझो असोसिएशननं तांदूळ, ताडपत्र्या, शाळा उभ्या केल्या. तिथल्या नोंदणीकृत संस्थेला भारतीय खात्यातून पैसे द्या, पावती घ्या. आधी फोन करून विचारा की आत्ता काय हवंय, बहुतेक वेळा औषधं आणि मुलांच्या शाळेचा खर्च असतो, जुने कपडे नसतात. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे या लोकांना कायद्याचा आधार फार कमी आहे.

जाहीर कार्यक्रम घ्यायचा असेल तर

तारखा ठरलेल्या आहेत: 1 फेब्रुवारी, 27 मार्च, 8 ऑगस्ट, 10 डिसेंबर. आठवडाभर आधी स्थानिक पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, किती माणसं, किती वेळ, माईक आहे की नाही, मुंबईत आझाद मैदान हीच जागा मिळते. शहरात जमावबंदी लागू आहे का ते त्याच वेळी विचारून घ्या. पोस्टरवर मराठीतच लिहा, तीन-चार शब्द, पेपरवाल्या फोटोग्राफरला लांबून वाचता येतील एवढे मोठे. मूक कार्यक्रम छान होतो, तीन बोटं वर करून दहा मिनिटं उभं राहायचं आणि मारले गेलेल्यांची नावं वाचायची.

पुण्यात शिकायला आलेली बर्मी मुलं, भिक्खू दिसले म्हणून त्यांना उत्साहानं स्टेजवर ओढू नका. त्यांचा व्हिसा इकडे आणि आईवडील तिकडे अडकलेले असतात. विचारा, नाही म्हणाले तर तिथेच सोडा, फोटोत पण येऊ देऊ नका. त्यांच्या वतीनं आपण बोलायचं, पण काय बोलायचं ते त्यांना आधी विचारून.

हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर रत्नागिरी, इगतपुरीवाल्यांना तर सुरुवात करायला विषय हाताशीच आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत राहून 1916 मध्ये वारला, टिळक सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात होते, आणि इगतपुरीत विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी जन्मले मंडालेतच. पाच मिनिटं यावर द्या, जास्त नको, नाहीतर सगळी संध्याकाळ इतिहासातच जाते आणि खासदाराच्या पत्रावर सह्या घ्यायच्या राहतात.

लोक हमखास विचारतील ते

"सू ची यांनीच रोहिंग्यांच्या वेळी लष्कराची बाजू घेतली ना?" हो, घेतली, डिसेंबर 2019 मध्ये त्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन उभ्या राहिल्या. ते चूक होतं, स्पष्ट म्हणा. आणि हे पण सांगा की 2021 नंतर कितीतरी बर्मी तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली, हे आंदोलन एका बाईंपुरतं नाहीये.

"आता तर निवडणूक झाली, मग काय?" 28 डिसेंबर 2025 पासून टप्प्याटप्प्यानं मतदान घेतलं ते खरं, पण आधीची निवडणूक जिंकलेला एनएलडी पक्ष 2023 मध्येच विसर्जित केला होता, नेते तुरुंगात होते आणि देशाच्या मोठ्या भागात मतदानच झालं नाही. याला निवडणूक म्हणून मान्यता देऊ नका ही मागणी पण पत्रात घाला.

"याने फरक पडतो का?" सिंगापूरचा आकडा सांगा, आणि लगेच सहीचा कागद पुढे करा.